कवठडोह: रहस्यकादंबरीसाठी गाव रचतानाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम असं आहे. कापसाच्या हंगामात घडणारी एक रहस्यकादंबरी लिहायची, साधारण चाळीस हजार शब्दांची. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रात्रभर रांग लागलेली आहे. त्याच रात्री दीड-दोन कोसांवरच्या वावरात, विहिरीत एक माणूस मरतो. ज्याच्यावर संशय जावा तो रांगेत होता, असं पुढच्या-मागच्या बंडीवाले सांगतात. कथानकाचा सांगाडा तयार आहे, जागा ठरलेली नाही. खरं गाव घ्यायचं की नवं रचायचं, हा निर्णय लिहायला बसण्याआधी झाला पाहिजे.

तो नंतरवर ढकलता येत नाही, कारण रहस्यकथेचा वाचक अंतर मोजतो, तासांची बेरीज करतो, विहिरीला कठडा होता की नव्हता ते लक्षात ठेवतो. सामाजिक कादंबरीत जागेची चूक राहिली तर वाचक ती ओलांडून पुढे जातो. रहस्यकथेत त्याला तीच चूक सुगावा वाटते, आणि पुढची शंभर पानं तो लेखकाने न मांडलेल्या मागावर चालत राहतो. या नोंदी असं काम हाती घेणाऱ्यांसाठी आहेत. कुठे अडलं, काय फेकावं लागलं आणि शेवटी काय धरलं, एवढंच त्यांत आहे.

७ नोव्हेंबर

पहिला मसुदा खऱ्या गावात, दर्यापूर तालुक्यात. कापूस आहे, सपाट काळी जमीन आहे, दूरवरचा माणूस दिसतो. तीन प्रकरणं झाली आणि विहिरीपाशी काम थांबलं.

दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतं. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. ते पिकाला दिलं तर चिकण काळी माती आणखी बिघडते. त्यामुळे ओलिताच्या विहिरी इथे वावरावावरांत दिसत नाहीत, शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर चालते. मसुद्यात मात्र खुनाच्या रात्री शेजारच्या वावरात गव्हाला पाणी सुरू होतं आणि इंजिनाच्या आवाजात ओरडणं विरून गेलं. या भागातला वाचक पहिल्यांदा हेच विचारणार की इथे ही विहीर खोदली कोणी आणि कशासाठी. त्याचं उत्तर कथेत नाही, कारण तो कथेचा प्रश्नच नाही.

विहिरीऐवजी शेततळं ठेवून पाहिलं. शेततळं उघड्यावर, चारी बाजूंनी दिसणारं. कथेला आडोसा हवा, पायऱ्या हव्यात, वरून खाली वाकून पाहावं लागेल अशी खोली हवी. तीन प्रकरणं बाजूला ठेवली. कथानकातली जी एक गोष्ट हलवता येत नाही ती आधी लिहायची आणि ती जिथे नैसर्गिकपणे असते तो प्रदेश मग शोधायचा. इथे ती गोष्ट गोड्या पाण्याची, बांधीव, ओलिताची विहीर आहे.

११ नोव्हेंबर

मूळ सांगाड्यात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या आज काढल्या.

एक, संशयिताच्या भावाचा बचाव. तो रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहत होता. बचाव म्हणून हे फार चांगलं आहे: नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, पंचक्रोशी लोटते, आणि मधले दोन तास कोण उठून गेलं हे कोणी सांगू शकत नाही. पण झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग. तो धानाचा मुलूख. नाटक मंडळ्यांचा मुख्य तळ वडसा-देसाईगंज, हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून (गावजत्रेपासून) पुढे. कापसाच्या बंड्यांची रांग पश्चिमेला, नाटक पूर्वेला, आणि मध्ये दोनशे किलोमीटर. एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात दोन्ही सापडतात, वरोरा-कोरपन्याकडे कापूस आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे धान. पण एकाच रात्रीत पायी जोडण्याइतके ते जवळ नाहीत.

दोन, मालगुजाराचा वाडा. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्या मालकाची पद्धत, नागपूरकडच्या जिल्ह्यांत होती. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि यवतमाळात, जमीनधाऱ्याची पद्धत रयतवारी होती, सारा थेट शेतकऱ्याकडून घेतला जाई. तिथे मोठा वाडा देशमुखाचा किंवा पाटलाचा असतो. हा फरक नुसत्या नावाचा नाही. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, तेव्हा तलाव, झुडपी जंगल आणि निस्ताराचे (सरपण, चराईसारख्या गरजांचे) हक्क यांवरून पुढे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालली. ‘जुन्या मालगुजाराच्या तलावावरून वैर’ हा हेतू पूर्व विदर्भात पटतो, यवतमाळातल्या दारव्ह्याकडे वाचक त्याला मान देणार नाही. ज्यांची कथा पूर्वेकडची आहे त्यांनी तो जरूर वापरावा, त्यात भरपूर दम आहे.

संपूर्ण विदर्भ एका गावात कोंबण्याचा मोह बाहेरून लिहिणाऱ्याला जितका होतो तितकाच इथल्या माणसालाही होतो. आवडतं ते सगळं घ्यावंसं वाटतं. रहस्यकथेला ते परवडत नाही.

१६ नोव्हेंबर

प्रदेश ठरला: यवतमाळ जिल्हा, दारव्हा तालुका. काळी जमीन, अडाण नदी, ओलिताच्या विहिरी, कापूस आणि तूर. आता खरं गाव घ्यायला हरकत काय?

हरकत पदांची. कथेत खरेदी केंद्रावरचा ग्रेडर कापसाची प्रत मुद्दाम खाली पाडतो. कथेत पोलीस पाटील एक गोष्ट दडवतो. एका केंद्रावर एका हंगामात ग्रेडर एक-दोनच असतात, गावात पोलीस पाटील एकच असतो. खरं गाव आणि खरं साल लिहिलं की नाव न घेताही माणूस ओळखू येतो. तो आज हयात नसला तरी प्रश्न सुटत नाही. बदनामीचं कलम, आधी भारतीय दंड संहितेचं ४९९ आणि आता भारतीय न्याय संहितेचं ३५६, मृत व्यक्तीवरच्या आरोपालाही लागू होऊ शकतं, जर तो घरच्यांच्या भावना दुखावण्यासाठी केलेला असेल. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ छापली म्हणजे सगळं मिटलं, असं धरून चालू नये.

कायदा दूर ठेवला तरी गावात राहणाऱ्या एका घराला उगाच बोट दाखवलं जाणं ही फार वाईट गोष्ट आहे. गाव लहान असतं. पुस्तक विसरलं जातं, पण बोट विसरलं जात नाही.

कथेतल्या प्रत्येक पात्रापुढे दोन रकाने केले: दोष येतो का, आणि त्या पदावर तिथे एकच माणूस असतो का. दोन्हीकडे ‘होय’ आलं की ती जागा खरी ठेवायची नाही. फौजदार, ग्रेडर, पोलीस पाटील, सोसायटीचा सचिव हे चौघं या चाळणीत अडकले. बस कंडक्टर, बंडीवाले, चहावाला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) मोकळे राहिले. चार अडकल्यावर खरं गाव सोडूनच द्यावं लागलं.

२० नोव्हेंबर

मग दुसरं टोक: सगळंच काल्पनिक. काल्पनिक जिल्हा, काल्पनिक नदी, काल्पनिक तालुका. लिहायला फार सोपं गेलं आणि तीच अडचण ठरली.

दुसऱ्या प्रकरणात केंद्र ते विहीर एक तासाचं अंतर होतं. सातव्यात संशयिताला वेळ पुरेना म्हणून ते पाऊण तासाचं झालं. अकराव्यात पोलिसांना उशीर व्हायला हवा होता, तिथे तेच अंतर दीड तासाचं झालं. नदी कधी गावाच्या उगवतीला, कधी मावळतीला. नकाशाच नव्हता, त्यामुळे थांबवणारं काही नव्हतं. दुरुस्ती करून आकडे जुळवले तरी मूळ दोष तसाच राहिला: लेखक हवं तेव्हा नदी हलवू शकतो हे वाचकाला कळलं की तो अंदाज बांधणं सोडून देतो.

शेरलॉक होम्सचं घर इथे उपयोगी पडतं. लंडनची बेकर स्ट्रीट खरी, पण त्या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या रस्त्यावरचे घरक्रमांक २२१ पर्यंत पोहोचलेलेच नव्हते. रस्ता मोजता येतो आणि घर कोणाचंच नाही. आपल्याला गावाच्या बाबतीत तेच हवं होतं: खरा तालुका, खरे रस्ते, खरी माती, आणि मध्ये एक असं ठिकाण जिथे कोणी राहत नाही.

२५ नोव्हेंबर

असं ठिकाण विदर्भात शोधावं लागत नाही, ते दप्तरात असतंच. रिठ.

कधी काळी गाव होतं, मग पटकीने, दुष्काळाने किंवा पाणी आटल्याने उठलं. मौजा, म्हणजे महसुली गाव, दप्तरात तसाच राहिला, शेतसारा चालू राहिला, गावठाणाची पांढरी माती राहिली, बहुधा एखादा मारोती आणि चिंचेची झाडं राहिली. माणसं नाहीत. कोणाचं घर नाही, पाटील नाही, सचिव नाही. पण जागा पूर्णपणे खरी आहे: तिथून तालुक्याचं अंतर मोजता येतं, माती कोणती ते दिसतं, पांदण (वावरांमधली गाडीवाट) कुठून येते ते दिसतं.

शोधायच्या तीन वाटा. जनगणनेच्या गावयादीत लोकसंख्या शून्य असलेले मौजे वेगळे काढायचे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर ओसाड गावाची वेगळी खूण असते, ती पाहायची. आणि महाभूलेख या राज्याच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर तालुका निवडला की मौजांची पूर्ण यादी उघडते. जे नाव यादीत आहे पण बसच्या पाटीवर कधीच नसतं ते टिपून ठेवायचं. तिन्हीकडे जुळलं की रिठ पक्की.

त्या मौजाचा एखादा सातबारा पाहून घ्यावा. नुसता पाहणं मोफत आहे, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांना मिळतो. पिकाच्या रकान्यातून कोणतं पीक, सिंचनाचं साधन काय, विहीर आहे की नाही हे कळतं. दर्यापूरला वाया गेलेली तीन प्रकरणं या १५ रुपयांत वाचली असती.

दोन खबरदाऱ्या. रिठीत माणूस राहत नसला तरी जमीन शेजारच्या गावांतले लोक वाहतात. म्हणून खरा गट नंबर कादंबरीत घालायचा नाही आणि रिठीचं खरं नावही नाही. या नोंदींतही ते मुद्दाम दिलेलं नाही. दुसरं, रिठीतल्या मारोतीला लोक वर्षातून एकदा तरी जातात. कथेत तिथे पूर्ण निर्जनपणा दाखवायचा असेल तर तो दिवस टाळावा.

कादंबरीतलं गाव या रिठीवर बसवलं, आणि त्याला बाजार, जिनिंग व खरेदी केंद्र दिलं. दारव्ह्याचा वाचक म्हणेल, इथे केंद्र नव्हतं. एवढी मोकळीक तो देतो, कारण गाव नवं आहे हे त्याला पहिल्याच पानावर कळतं. केंद्राची जागा बदलली म्हणून गणित बिघडत नाही, अंतर बदललं की बिघडतं.

२९ नोव्हेंबर

नकाशा. १:५०,००० चे पत्रक सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. दारव्हा आणि कारंजा दोन्ही जुन्या क्रमाने ५५ एच मध्ये. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर.

केंद्र ते विहीर पट्टीने ४.३ किलोमीटर भरलं आणि बचावाची सगळी वेळ त्यावर बसवली. मग पांदणीवर सुतळी ठेवून मोजलं तर ६ किलोमीटर. पांदण धुऱ्या-धुऱ्याने (बांधाबांधाने) वळत जाते, नाल्याला उतार असेल तिथेच ओलांडते. रात्री उभ्या पऱ्हाटीतून (कापसाच्या झाडांतून) सरळ रेघेत कोणी जात नाही. कपडे फाटतात, आवाज होतो, आणि डिसेंबरात बोंडं फुटलेली असल्याने कापूस अंगाला चिकटून येतो. (हा शेवटचा तपशील पुढे सुगावा म्हणून वापरला.)

पायी ६ किलोमीटर अंधारात, ओळखीच्या वाटेने, दीड ते पावणेदोन तास. जाऊन येऊन साडेतीन, विहिरीपाशी अर्धा, म्हणजे चार तासांची फट लागते. सायकल घेतली तर वेळ निम्म्यावर येईल असं वाटतं, पण डिसेंबरात पांदणीच्या चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या असतात. दिवा न लावता सायकल पडते, लावला तर सपाट मुलखात तो लांबून दिसतो. संशयित पायीच जातो.

पावसाळ्यात हीच पांदण बंद असते. चिखल चाकाला धरतो, बैल बसतात. जुलै-ऑगस्टमधला खून आणि पांदणीने पळणारी बंडी एकत्र लिहू नये.

४ डिसेंबर

साल. आजच्या काळात कथा ठेवता येत नाही: हातात मोबाइल, केंद्राच्या दारावर कॅमेरा, आणि २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीसाठी ॲपवर नोंदणी व वेळ घ्यायची पद्धत. रात्रभराची रांग हाच कथेचा कणा आहे. म्हणून मागे गेलो, एकाधिकार खरेदीच्या काळात, जेव्हा राज्यातला कापूस फक्त सरकारी योजनेतूनच विकत घेतला जाई.

आधी १९८६ चा डिसेंबर घेतला होता. तो सोडावा लागला. त्या महिन्यात कापूस आंदोलन पेटलेलं होतं. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात हिंगोलीजवळ सुरेगावला गोळीबारात तीन शेतकरी गेले. त्या दिवसांत केंद्राबाहेर रांगेत बसलेली माणसं रात्रभर दुसरं काही बोलतच नसणार. त्याचा उल्लेख न करणं खोटं ठरतं, आणि एका खुनाच्या कोड्यासाठी तो नुसता चिकटवणं त्याहून वाईट. ज्याला त्या आंदोलनावर लिहायचं आहे त्याने त्यावरच लिहावं. आम्ही १९८३ घेतलं.

साल बदलल्यावर तीन गोष्टी बदलल्या. वाशीम जिल्हा १९९८ चा, म्हणून कारंजा आणि पलीकडची गावं तेव्हा अकोला जिल्ह्यात. पैनगंगेपलीकडचं आदिलाबाद आंध्र प्रदेशात. आणि सगळ्यात मोठी तिसरी: एकाधिकार योजना १९७२ पासून लागू असल्याने खाजगी व्यापाऱ्याला उघडपणे कापूस घेता येत नव्हता. सांगाड्यातला मयत ‘कापसाचा व्यापारी’ होता, तो १९८३ मध्ये बसत नाही. त्याचा दलाल केला. तो चोरून रात्री कापूस गोळा करून नदीपलीकडे पाठवतो आणि नगदी पैसे देतो. केंद्रावर चुकारा (कापसाचे पैसे) हप्त्यांनी येई, म्हणून गरजू शेतकरी त्याच्याकडे वळतो. हेतू शोधत बसावं लागलं नाही, तो सालातूनच निघाला.

९ डिसेंबर

तारीख आणि चंद्र. मसुद्यात खून ‘डिसेंबरच्या मध्यावर, काळोख्या रात्री’ होता. जुनं पंचांग आणि स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर, दोन्हीकडे पाहिलं: २० डिसेंबर १९८३ ला पौर्णिमा. मध्यावरच्या रात्री चांदणं वाढतं असतं आणि फुटलेल्या कापसाचं वावर चांदण्यात दूरवर उजळतं. त्यात माणूस लपत नाही.

अमावास्या ४ डिसेंबरला. वार रविवार.

हा रविवार फार कामाला आला. केंद्राला सुट्टी, म्हणजे सोमवारी सकाळी काटा सुरू होईपर्यंत फाटक बंद. रांग रविवारी दुपारपासून लागते आणि रात्रभर जागची हलत नाही. आधीच्या मसुद्यात रांग रात्री पुढे सरकायची, त्यामुळे संशयिताची बंडी कोणी ओढली हा प्रश्न तिथे पडायचा. आता बंडी हलतच नाही. लेखकाने मनाने वार टाकला असता तर ही सोय सुचली नसती. खरं कॅलेंडर आधी उघडावं, गरज नंतर सांगावी.

१३ डिसेंबर

रांगेचं बारीक काम. एका बैलबंडीत आठ-दहा क्विंटल कापूस. बैल सोडून चाकाला बांधतात, रात्री कडबा टाकतात. म्हणून चार तास माणूस नाही आणि बैल उपाशी, हे शेजारच्या बंडीवाल्याच्या लक्षात येणारच. यावर दोन उपाय तपासले. संशयिताबरोबर सालदार ठेवला तर रहस्य दोघांत वाटलं जातं आणि सालदार कधीतरी बोलतो. दुसरा उपाय, निघण्याआधी दुप्पट कडबा टाकून जायचं. तो घेतला. सकाळी बैलांपुढे अर्धवट चघळलेला कडबा उरलेला आहे, असं वाक्य चौथ्या प्रकरणात सहज ठेवलं. शेतकरी वाचक तिथे थांबेल, कारण महागाचा कडबा कोणी असा वाया घालवत नाही.

शेकोटीही महत्त्वाची. कापसाजवळ आग पेटवत नाहीत, शेकोटी रांगेपासून दूर असते. डिसेंबरच्या थंडीत माणसं तिथे जमतात आणि बंड्या अंधारात एकट्या राहतात. ‘तो शेकोटीवर होता’ असं बंडीजवळचा सांगतो, ‘तो बंडीवर झोपला होता’ असं शेकोटीवाला सांगतो. दोघंही खरं बोलतायत असं त्यांना वाटतं. बचाव या दोन वाक्यांवर उभा आहे.

१९ डिसेंबर

विहीर पुन्हा अडली. मसुद्यात सोमवारी पहाटे प्रेत पाण्यावर तरंगताना दिसतं. हे होत नाही. बुडालेलं शरीर कुजण्याच्या वायूने वर येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात त्याला साधारण एक दिवस लागतो, थंडीत दोन-तीन. रविवारी रात्रीचं प्रेत बुधवारच्या आसपास वर येईल.

आधी वाटलं तारीख उन्हाळ्यात न्यावी. मे महिन्यात मात्र कापूस नाही, रांग नाही, आणि तिकडे वेगळीच अडचण: बाहेर ४५ अंश असताना शरीर थंड होण्यावरून मृत्यूची वेळ काढताच येत नाही, हवा शरीराहून गरम असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात खून ठेवणाऱ्यांनी डॉक्टरच्या तोंडी ‘प्रेत अजून कोमट होतं’ हे वाक्य घालू नये.

म्हणून प्रेत बुधवारी वर आणलं. सोमवारी विहिरीच्या काठावर फक्त दुपट्टा सापडतो, आणि दलाल नेहमीप्रमाणे नदीपार गेला असेल असं लोक धरून चालतात. दोन दिवस कोणी शोधत नाही. पाण्यात राहिल्याने डॉक्टर वेळेचा अंदाज ढोबळच देतो, व्हिसेरा नागपूरला जातो. रविवारची रात्र की सोमवारची, हा नवा प्रश्न उभा राहिला. सोमवारी रात्री संशयित आपल्या घरी होता, त्याला बचाव नाही; पण तेव्हा त्याला कारणही उरलेलं नव्हतं. पाचवं ते आठवं प्रकरण नव्याने लिहावं लागलं. मेहनत वाया गेली नाही, कथा आधीपेक्षा घट्ट झाली.

२६ डिसेंबर

हद्द. विहीर नाल्याच्या पलीकडच्या काठावर आहे. नकाशात जिल्ह्याची सीमा जिथे नाल्याने जाते तो तुकडा मुद्दाम निवडला. प्रेत पलीकडे, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा अकोला जिल्ह्यातल्या ठाण्याचा. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४. साक्षीदार सगळे अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. खबर पोलीस पाटलाकडून कोतवालाच्या हाती, सायकलने. सकाळी सातला दिसलेलं प्रेत, फौजदार पोहोचेपर्यंत दुपार. हा उशीर कथेला हवा होता आणि तो कोणाच्या हलगर्जीवर टाकावा लागला नाही.

आजची कथा लिहिणाऱ्यांसाठी: १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अकस्मात मृत्यूचं कलम १९४, खुनाचं कलम न्याय संहितेत १०३. जुने आकडे सवयीने लिहिले जातात, शेवटच्या वाचनात ते शोधून काढावेत.

रेल्वे गाळली. मूर्तिजापूर–यवतमाळ ‘शकुंतला’ दारव्ह्यावरून जायची, १९८३ मध्ये वाफेच्या इंजिनावर. मोह मोठा. पण बचाव गाडीच्या वेळेवर टेकवायचा तर त्याच सालचं वेळापत्रक हातात हवं. ते नाही, म्हणून गाडी फक्त लांबून ऐकू येते, तिच्यावर कोणाची वेळ ठरत नाही.

२ जानेवारी २०२६

नाव. बोरी, पिंपळगाव, खेर्डा ही पहिली यादी. तिन्ही बाद: बोरी अरब दारव्हा तालुक्यातच आहे, खेर्डा कारंज्याकडे, पिंपळगावांची तर गणतीच नाही. चाळणी अशी ठेवली: निवडलेला तालुका आणि त्याला लागून असलेले सगळे तालुके, गावयादी आणि मौजांची यादी दोन्ही. खुर्द-बुद्रुक लावून वेगळं करायचा प्रयत्न करू नये, वाचक मूळ गावच धरतो. झाड आणि पाणी अशी जोड इथल्या नावांत शोभते. त्यातून ‘कवठडोह’ उरलं. नाव ठेवलं म्हणून गावात डोह आणि कवठाचं झाड दाखवावं लागलं; डोह नाल्याच्या वळणावर ठेवला.

आडनावं ठरवताना पदांची यादी पुन्हा काढली. दोष येणाऱ्या चार पदांना त्या पट्ट्यात ठळक असलेल्या घराण्यांची आडनावं दिली नाहीत. तांडा (बंजारा वस्ती) कथेत आहे, कारण यवतमाळ जिल्ह्यात तो नसणं खोटं दिसेल. पण तांड्यातला माणूस आला की लगेच संशय त्याच्यावर, हे जुन्या रहस्यकथांतलं वळण ठरवून टाळलं. तांड्याचा नाईक इथे सगळ्यात नेमका साक्षीदार आहे.

८ जानेवारी

भाषा. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. पूर्वेची झाडीबोली यात मिसळू द्यायची नाही. पहिल्या मसुद्यात सालदार पाटलाला सांगतो, ‘पाटील, त्याची बंडी इथेच आहे, पण तो दिसत नाही.’ आता:

‘पाटील, बंडी तं अठीच हाये त्याची. मानूस नाई दिसून राह्यला.’

‘काऊन गा, शेकोटीवर पाह्यलं का तुनं?’

‘पाह्यलं नं बाप्पा. तठी म्हनते, बंडीवर झोपला.’

निवेदनातही वस्तूंची नावं इथलीच ठेवली: वावर, धुरा, बंडी, पऱ्हाटी, सालदार, जागल. पुण्या-मुंबईच्या वाचकाला अर्थ वाक्यावरून लागतो. जिथे सुगावा एखाद्या शब्दावर बेतला आहे, तिथे तो शब्द आधी दोनदा साध्या प्रसंगात येऊन गेला पाहिजे. ‘धुरा’ बाराव्या प्रकरणात निर्णायक आहे, म्हणून तो दुसऱ्या आणि पाचव्या प्रकरणात नांगरणीच्या बोलण्यात आणला.

१५ जानेवारी

पुस्तकात छापायचा नकाशा काढला. त्यावर दारव्हा, कारंजा, अडाण नदी आणि डांबरी रस्ता खऱ्या जागी. कवठडोह, केंद्र, पांदण, नाला, विहीर ठळक. उत्तर दिशा आणि किलोमीटरची पट्टी दिली, म्हणजे वाचकाला सुतळी लावून मोजता येईल. सहा किलोमीटर त्याने स्वतः शोधावेत. शेजारची खरी खेडी नकाशातून काढली, फक्त वाटा कोणत्या दिशेने जातात तेवढं ठेवलं. विहिरीभोवतीची वावरं कोरी सोडली, गट नंबर नाहीत.

सुरुवातीच्या पानावर टीप: कवठडोह हे गाव, तिथलं केंद्र आणि पदाधिकारी रचलेले आहेत, तालुका, रस्ते, अमावास्या आणि वार खरे आहेत. नकाशा पहिल्या प्रकरणाआधी घ्यायचा. शेवटी दिला तर मोजायची वेळ निघून गेलेली असते.